चर्चमधील लग्नाआधी दृढीकरण आणि धर्मप्रवेश: मुंबईतील वधूवरांसाठी

चर्चमध्ये लग्न लावायचे असेल तर वधू आणि वर दोघेही कॅथलिक असलेच पाहिजेत, हा समज मुंबईत इतका घट्ट रुजला आहे की कित्येक जोडपी आधी हॉल ठरवतात, मग त्या तारखेच्या अलीकडे कोठेतरी बाप्तिस्मा बसवतात आणि सर्वांत शेवटी फादरांना भेटायला जातात. हा क्रम उलटा करावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. कॅथलिक चर्चचा कायदा बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी होणाऱ्या विवाहालाही विशिष्ट परवानगीने मान्यता देतो आणि त्यासाठी धर्मांतराची अट घालत नाही. त्याचप्रमाणे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर पवित्र तेलाची खूण करून श्रद्धा दृढ करणारा संस्कार) राहून गेले असले, तरी तेवढ्यावरून विवाह रद्दबातल ठरत नाही. संस्काराचा निर्णय आणि लग्नाची तारीख यांचा विचार स्वतंत्रपणे केला तर दोन्ही नीट पार पडतात. दोन्हींची मोट बांधली, तर काटछाट बहुधा संस्काराच्या तयारीचीच होते.

पहिले काम म्हणजे आपण नेमके कोणत्या परिस्थितीत आहोत हे ओळखणे. दोघेही कॅथलिक असून एकाचे दृढीकरण व्हायचे राहिले असेल, तर प्रश्न केवळ त्या एका संस्काराचा आहे. एकाचा बाप्तिस्मा दुसऱ्या ख्रिस्ती पंथात, उदाहरणार्थ चर्च ऑफ नॉर्थ इंडियात किंवा मेथडिस्ट चर्चमध्ये झाला असेल, तर विवाहासाठी बिशपांची, म्हणजे धर्मप्रांताच्या (चर्चच्या प्रशासकीय विभागाच्या) प्रमुखांची, परवानगी लागते. ती व्यक्ती कॅथलिक होऊ इच्छित असेल, तरी पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला तिचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य मानते आणि तो पुन्हा देत नाही. अशा व्यक्तीला श्रद्धेची जाहीर कबुली, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, दिली जाणारी पवित्र भाकर) यांच्याद्वारे पूर्ण सहभागात घेतले जाते. तिसरी परिस्थिती बाप्तिस्माच न झालेल्या, म्हणजे बहुधा हिंदू, बौद्ध, जैन किंवा मुस्लिम जोडीदाराची. येथे केवळ परवानगी पुरत नाही, तर ‘धर्मभिन्नता’ या अडथळ्यातून बिशपांकडून सूट मिळवावी लागते आणि ती नसताना लावलेला विवाह चर्चच्या दृष्टीने अवैध ठरतो.

या तिन्ही परिस्थितींची सुरुवात राहत्या धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या, म्हणजे पॅरिशच्या) कार्यालयातून होते. लग्न वांद्र्याच्या किंवा दादरच्या एखाद्या प्रसिद्ध चर्चमध्ये लावायचे मनात असले, तरी कागदपत्रांची चौकशी आणि मुलाखती कॅथलिक व्यक्तीच्या स्वतःच्या धर्मग्रामातील फादर करतात आणि मग दुसऱ्या चर्चला संमतिपत्र देतात. वसईकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतापासून वेगळा झाला, पण बाप्तिस्म्याची वही धर्मप्रांताच्या कार्यालयात नसते, ती त्या त्या चर्चमध्येच असते. त्यामुळे पापडी, निर्मळ किंवा नंदाखालला बाप्तिस्मा झालेल्या आणि आता मालाडला राहणाऱ्या व्यक्तीने दाखल्यासाठी मूळ चर्चमध्येच अर्ज करावा. आईने कपाटात जपून ठेवलेला जुना दाखला चालत नाही. साधारणपणे गेल्या सहा महिन्यांत काढलेला नवा दाखला मागतात, आणि त्यामागे कारण आहे. दृढीकरण आणि विवाह यांच्या नोंदी बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीच्या समासात केल्या जातात, त्यामुळे ती व्यक्ती अविवाहित आहे का आणि तिचे दृढीकरण झाले आहे का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ताज्या दाखल्यावर एकत्र मिळतात. ज्यांना आपले दृढीकरण झाले होते की नाही हेच आठवत नाही, त्यांनी घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा हा दाखला काढून पाहावा.

राहून गेलेले दृढीकरण

मुंबईतील धर्मग्रामांत दृढीकरणाची तयारी बहुधा शाळेच्या शेवटच्या वर्षांत करून घेतली जाते, त्यामुळे त्या काळात शहर बदललेले, वसतिगृहात राहिलेले किंवा शिकवणीच्या वर्गामुळे रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सोडलेले तरुण नेमके मागे राहतात. १९८३ च्या धर्मसंहितेचे (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या संहितेचे) १०६५ वे कलम सांगते की दृढीकरण न झालेल्या कॅथलिकांनी, मोठी अडचण नसेल तर, विवाहापूर्वी तो संस्कार स्वीकारावा. ‘मोठी अडचण नसेल तर’ या शब्दांमुळे फादरांना थोडी मोकळीक मिळते, पण ‘मला वेळ नाही’ ही मोठी अडचण मानली जाईल असे गृहीत धरू नये.

दृढीकरण देण्याचा मूळ अधिकार बिशपांचा आहे आणि ते एका धर्मग्रामात बहुधा वर्षातून एकदाच त्यासाठी येतात. म्हणून पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचाराव्यात. यंदाचे दृढीकरण कधी आहे, आणि ते लग्नानंतर येत असेल तर शेजारच्या धर्मग्रामातील समारंभात सामावून घेता येईल का, किंवा फादरांना त्यासाठी बिशपांकडून अधिकार मिळवता येईल का. वसई, ठाणे आणि मुंबई उपनगरांत इतकी चर्चेस आहेत की पुरेसे आधी विचारल्यास मार्ग बहुतेक वेळा निघतो.

प्रौढांसाठीची तयारी शाळकरी मुलांच्या तयारीपेक्षा आटोपशीर असते, परंतु ती पाठांतराची परीक्षा नव्हे. पवित्र आत्म्याच्या सात दानांची यादी पाठ म्हणता येण्यापेक्षा, बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी आणि धर्मपालकांनी (गॉडपेरेंट्सनी) आपल्या वतीने दिलेली वचने आता आपण स्वतः देत आहोत, हे समजणे महत्त्वाचे असते. समारंभात बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण होते, बिशप उमेदवारांवर हात पसरून प्रार्थना करतात आणि मग प्रत्येकाच्या कपाळावर ख्रिझम तेलाने क्रुसाची खूण करतात. हे तेल जैतुनाच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून केलेले असते आणि पवित्र आठवड्यातील विशेष मिस्सेत बिशपांनी ते पवित्र केलेले असते. समारंभाआधी प्रायश्चित्ताचा संस्कार, म्हणजे कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली), घ्यावा. वर्षानुवर्षे कुमसाराला न गेलेल्या माणसाला हेच पाऊल सर्वांत जड वाटते. अशांनी समारंभाच्या दिवशीची लांबलचक रांग टाळून, आधी वेळ ठरवून फादरांना एकट्याने भेटणे बरे.

धर्मपिता किंवा धर्ममाता निवडताना नात्यापेक्षा पात्रता पाहावी. ती व्यक्ती कॅथलिक, किमान १६ वर्षांची, दृढीकरण झालेली आणि श्रद्धेनुसार जगणारी असावी. उमेदवाराचे आईवडील या जागी चालत नाहीत. बाप्तिस्म्याचेच धर्मपालक दृढीकरणालाही असावेत असे धर्मसंहिता सुचवते, पण ते आखातात असतील तर दुसरे निवडता येतात. होणारा नवरा किंवा होणारी बायको या भूमिकेत नसलेली बरी. लॅटिन चर्चच्या (मुंबईतील बहुसंख्य कॅथलिक ज्यात मोडतात त्या चर्चच्या) सध्याच्या कायद्यात त्यामुळे विवाहाला अडथळा येत नाही, परंतु पौर्वात्य कॅथलिक चर्चेसच्या कायद्यात बाप्तिस्म्याचे धर्मपालकत्व हा विवाहातील अडथळा आहे, आणि कल्याणच्या सिरो-मलबार (केरळच्या पौर्वात्य कॅथलिक परंपरेच्या) महाधर्मप्रांतातील अनेक कुटुंबे मुंबईतच राहतात. सिरो-मलबार जोडीदाराबाबत आणखी एक गोष्ट तपासावी. त्यांच्या परंपरेत तैलाभ्यंगाचा हा संस्कार बाप्तिस्म्याबरोबरच दिला जाऊ शकतो, म्हणून ‘दृढीकरण झालेले नाही’ असे ठरवण्यापूर्वी दाखला वाचावा.

बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर

प्रथम हे स्पष्ट करावे की निर्णय कोणाचा आहे. धर्मसंहितेनुसार कोणावरही कॅथलिक श्रद्धा स्वीकारण्याची सक्ती करता येत नाही, आणि अनुभवी फादर उमेदवाराला एकटे बसवून हे विचारतातच. ‘सासूबाईंना बरे वाटेल म्हणून’ हे उत्तर प्रामाणिक असेल, पण त्यावर बाप्तिस्मा देणे योग्य होणार नाही, आणि ‘घाई करू नका’ असा सल्ला मिळाल्यास तो अपमान समजू नये. माझ्या मते असा सल्ला देणारे फादर भेटणे हे जोडप्याचे भाग्यच आहे.

प्रौढांच्या बाप्तिस्म्याची तयारी ज्या मार्गाने होते, त्याची मांडणी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्देशानुसार १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विधीत केलेली आहे. मुंबईत तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून आरसीआयए (राइट ऑफ ख्रिश्चन इनिशिएशन ऑफ अॅडल्ट्स) म्हणतात. आधी चौकशीचा काळ असतो, ज्यात प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. त्यानंतर उमेदवाराला चर्चच्या दारात स्वीकारून त्याच्यावर क्रुसाची खूण केली जाते आणि शिक्षणाचा मोठा टप्पा सुरू होतो. उपवासकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या) पहिल्या रविवारच्या सुमारास, बहुधा बिशपांसमोर, निवडीचा विधी होतो, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी होतात आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरात बाप्तिस्मा, दृढीकरण व पहिला ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही एकत्र दिले जातात. येथे दृढीकरणासाठी बिशपांची वाट पाहावी लागत नाही. प्रौढाला बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूलाच तो अधिकार कायद्याने मिळतो. नवागताला बाप्तिस्म्यापूर्वी कुमसारही करावा लागत नाही, कारण बाप्तिस्म्याने पूर्वीच्या सर्व पापांची क्षमा होते अशी चर्चची शिकवण आहे. अन्य पंथातून येणाऱ्या, आधीच बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने मात्र प्रायश्चित्ताचा संस्कार घ्यायचा असतो.

या सर्वाचा पंचांगाशी मेळ घालणे हे खरे काम. उदाहरणार्थ, २०२७ मध्ये राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे २७ मार्चच्या रात्री बाप्तिस्मा घ्यायचा असेल, तर आधीच्या वर्षीच्या पावसाळ्याच्या सुमारास वर्गात नाव घातलेले असावे आणि लग्न एप्रिल किंवा मे महिन्यात धरावे. उपवासकाळात आणि नाताळापूर्वीच्या आगमनकाळात मुंबईत लग्ने सहसा लावत नाहीत, आणि गुड फ्रायडे व त्यानंतरच्या शनिवारी तर ती लावताच येत नाहीत. ज्यांना डिसेंबरअखेरचे किंवा जानेवारीचे लग्न हवे आहे, त्यांचा बाप्तिस्मा त्याआधीच्या ईस्टरला व्हायला हवा. ते शक्य नसेल तर धर्मभिन्नतेतून सूट मागण्याचा अर्ज करून, शिक्षण घेणारा उमेदवार म्हणूनच लग्न करता येते आणि बाप्तिस्मा नंतरच्या ईस्टरला घेता येतो. त्या दिवशी तो विवाह, चर्चच्या शिकवणीप्रमाणे, पुन्हा विधी न करताच संस्काराच्या पातळीवर जातो. हा मार्ग कमी प्रतिष्ठेचा मुळीच नाही, पण घरच्या मोठ्यांना तो माहीत नसल्याने सुचवलाच जात नाही.

शिक्षणाचे वर्ग मुंबईत पुष्कळदा इंग्रजीत चालतात. मराठीत विचार करणाऱ्या माणसाने केवळ संकोचापोटी इंग्रजी वर्गात मान डोलवत बसू नये. उत्तन, गोराई, मनोरी या किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांत आणि वसईत मराठी मिस्सा रुळलेली आहे, आणि शहरातील अनेक चर्चमध्येही ती ठरावीक वेळी होते. मराठीतून शिकवू शकणारे फादर, सिस्टर किंवा प्रापंचिक धर्मशिक्षक मिळतील का, हे स्पष्टपणे विचारावे. सैतानाचा त्याग आणि देवावरील श्रद्धा यांविषयी बाप्तिस्म्यात विचारलेल्या प्रश्नांना ‘होय’ म्हणायचे, तर ते प्रश्न आपल्या भाषेत कळलेले असावेत. वर्गाबाहेर दर रविवारी मिस्सेला जावे, शुभवर्तमानांपैकी मार्कचे, जे सर्वांत लहान आहे, ते आधी वाचून काढावे, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ व ‘नमो मारिया’ या प्रार्थना रोजच्या सवयीत आणाव्यात.

बाप्तिस्म्यासाठी नाव बदलावेच लागते असे नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव नसावे, एवढीच धर्मसंहितेची अपेक्षा आहे. सुनील, मनीषा, विजय ही नावे तशीच ठेवता येतात आणि हवे तर एखाद्या संताचे नाव जोडता येते. जो केवळ चर्चच्या वहीत नाव जोडेल त्याला सरकारी कागदांना हात लावण्याची गरज पडत नाही, पण आधार, पासपोर्ट आणि बँक यांतही बदल करायचा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात देण्यापासून सुरुवात करावी लागते.

एक बाब पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे, कारण ती उशिरा उघडकीस आली की सर्व तयारी थांबते: दोघांपैकी कोणाचे आधी लग्न झालेले असणे. न्यायालयाचा घटस्फोट चर्चला पुरत नाही. पूर्वीचा विवाह दोन हिंदूंमध्ये, वैदिक पद्धतीने किंवा नोंदणी कार्यालयात झालेला असला, तरी चर्च तो सहसा वैध नैसर्गिक विवाह मानते आणि बाप्तिस्म्याने तो आपोआप सुटत नाही. अशा प्रकरणांसाठी पौलाचा विशेषाधिकार म्हणून ओळखली जाणारी, असा पूर्वीचा विवाह विशिष्ट अटींवर सोडवणारी तरतूद आहे, तसेच धर्मप्रांताचे विवाह न्यायाधिकरण आहे, परंतु त्यांना काही महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो.

कायद्याची बाजू

येथे थोडे थांबून वाचावे, कारण चर्चच्या वर्गात हा भाग क्वचितच शिकवला जातो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने वधूवरांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चर्चमध्ये विवाह लावता येतो. हिंदू जोडीदाराला हिंदू राहूनच हे लग्न करता येते. उलट हिंदू विवाह कायद्याला दोघेही हिंदू असणे आवश्यक आहे, आणि हिंदू व ख्रिस्ती यांचा त्या कायद्याखाली लावलेला विवाह अवैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून ‘सकाळी चर्च, संध्याकाळी सप्तपदी आणि नोंदणी हिंदू पद्धतीची’ हा बेत कायद्यात टिकत नाही. चर्चच्या नियमातही तो बसत नाही, कारण त्याच विवाहाची संमती देणारा दुसरा धार्मिक विधी आधी किंवा नंतर करण्यास मनाई आहे. आजीला हळद, मेंदी, गृहप्रवेश किंवा जेवणाची पंगत हवी असेल तर त्यात अडचण नाही. संमती पुन्हा देणारा विधी टाळावा आणि शंका असेल तर फादरांना आधी विचारावे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग निवडणाऱ्यांनी ३० दिवसांच्या नोटिशीचा काळ धरावा, आणि कॅथलिक व्यक्तीने केवळ कोर्टात केलेले लग्न चर्च, सूट नसेल तर, वैध मानत नाही हेही ध्यानात ठेवावे.

धर्मांतर करणाऱ्याने आपल्या जातीच्या दाखल्याचा विचार बाप्तिस्म्याआधी करावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, म्हणून ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातींच्या दर्जाला ही धर्माची अट नाही. सरकारी नोकरी किंवा शिष्यवृत्ती त्या दाखल्यावर अवलंबून असेल, तर बाप्तिस्मा घेऊन तो लपवणे हा मार्ग नव्हे, आणि जाणता फादर तो सुचवणारही नाही. वारशाबाबत स्थिती थोडी निराळी आहे: धर्म बदलल्याने स्वतःचा वारसाहक्क जात नाही, परंतु हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेली मुले, वारसा खुला होताना ती हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाइकांच्या संपत्तीत वारस ठरत नाहीत. वडिलोपार्जित घर किंवा गावची जमीन असेल तर एकदा वकिलाला भेटावे आणि धर्मांतराविषयी राज्यात त्या वेळी कोणता कायदा लागू आहे, तेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

विवाहाची तयारी

विवाहपूर्व शिबिर मुंबई महाधर्मप्रांतात सर्व जोडप्यांना करावे लागते, धर्मभिन्न जोडप्यांनाही. माहीम येथील स्नेहालय हे महाधर्मप्रांताचे कुटुंबसेवा केंद्र आहे आणि अशी शिबिरे धर्मग्रामांच्या पातळीवरही होतात. लग्नसराईच्या तोंडावर जागा भरतात, तेव्हा नाव लवकर द्यावे. तारखेची सूचना फादरांना किमान तीन महिने आधी द्यावी असे बहुतेक ठिकाणी सांगतात. सूट मागण्याचा अर्ज करायचा असेल तर त्याहून आधी. दोघांची स्वतंत्र मुलाखत होते आणि चर्चमध्ये विवाहाची जाहीर घोषणा केली जाते, जेणेकरून कोणाला अडथळा ठाऊक असेल तर तो सांगता यावा.

धर्मभिन्न विवाहात कॅथलिक जोडीदाराला, आपली श्रद्धा सोडण्याचा धोका टाळण्याची तयारी असल्याचे जाहीर करावे लागते आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक पद्धतीने व्हावे म्हणून शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते. दुसऱ्या जोडीदाराने हे वचन द्यायचे नसते, पण ते दिले गेल्याची त्याला स्पष्ट कल्पना दिली जाते. मुलांचा प्रश्न ‘पुढचे पुढे’ म्हणून ढकलणाऱ्या जोडप्यांना या कागदावर सही करताना पहिल्यांदा खरोखर बोलावे लागते, म्हणून हे संभाषण फादरांच्या टेबलाशी होण्यापूर्वी आपापसात आणि दोन्ही घरी उरकून घ्यावे. अशा विवाहाचा विधी बहुधा मिस्सेशिवाय, वचनवाचनासह केला जातो. अर्धे वऱ्हाड ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत नाही अशा वेळी ते अधिक सोयीचेही असते.

लग्नाच्या आदल्या एक-दोन दिवसांत कुमसार करावा, आणि ख्रिस्तप्रसाद घेणार असाल तर त्याआधी एक तास पाणी व औषध वगळता काही खाऊ-पिऊ नये. दोन साक्षीदारांची नावे आधीच कार्यालयात द्यावीत. लग्नानंतर चर्चची नोंदवही आणि महानगरपालिकेची विवाह नोंदणी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये. पासपोर्टसाठी आणि परदेशी व्हिसासाठी पुढे सरकारी प्रमाणपत्रच मागतात. विवाह लावणाऱ्या चर्चने बाप्तिस्म्याच्या मूळ चर्चला कळवायचे असते, परंतु दुसऱ्या धर्मप्रांतात ते पत्र कधी मागे राहते. काही महिन्यांनी मूळ चर्चमधून नवा दाखला काढून समासात दृढीकरण आणि विवाह दोन्ही नोंदले गेले आहेत का ते पाहावे, आणि नसतील तर विवाहाच्या दाखल्याची प्रत देऊन तेथेच दुरुस्त करून घ्यावे.